रंग, ऊन आणि यंत्राची पेटी

मनुष्य वस्तू विकत घेतो ती प्रथम डोळ्यांनी घेतो; तिची उपयुक्तता तो मागाहून शोधीत बसतो. लुगडे, छत्री, घराचे दार, कपाट ह्या सर्वांच्या बाबतीत हे खरे आहे, आणि अलीकडे घरोघरी आलेल्या संगणकाच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे. पालघर जिल्ह्यात बोईसरला लागून सरावली नावाचे गाव आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे ह्या टापूची वस्ती वाढली, आणि नोकरदार घरांतून मुलांच्या शिक्षणासाठी संगणक घेण्याची चालही पडली. अशा घरी यंत्र आणावयाचे ठरले म्हणजे एक वाद हटकून उपस्थित होतो. संगणकाची जी पेटी, जिला दुकानदार कॅबिनेट म्हणतात, ती काळी घ्यावी की पांढरी? वडील मंडळी म्हणतात, उन्हाळ्यात पांढरे कपडे थंड राहतात, तेव्हा पेटीही पांढरीच बरी. शाळा-कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, काळा पदार्थ उष्णता लवकर बाहेर टाकतो असे पुस्तकात दिले आहे. शिवाय काळी पेटी दिसते रुबाबदार. दोघांच्याही म्हणण्यात अर्धे सत्य आहे. ही दोन अर्धी सत्ये कोठून आली व ती एकत्र कशी बसतात, ह्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

वडिलांच्या मताचा आधार अडीचशे वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील प्रसिद्ध मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन ह्याने सन १७६१ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात आपल्या एका साध्या प्रयोगाची हकीकत दिली आहे. त्याने शिंप्याकडून निरनिराळ्या रंगांच्या लोकरी कापडाचे तुकडे आणविले आणि उन्हाच्या दिवशी ते बर्फावर पसरून ठेविले. काही तासांनी पाहतो तो काळा तुकडा सर्वांत खोल रुतला होता. गडद निळा जवळजवळ तितकाच. फिकट रंगांचे तुकडे त्या मानाने वर होते. आणि पांढरा तुकडा ठेविला तेथेच राहिला होता. काळ्याने ऊन प्याले व खालचा बर्फ वितळविला. पांढऱ्याने ते परतविले. ह्यावरून फ्रँकलिनने असे अनुमान काढले की, उष्ण प्रदेशात काळे कपडे घालणे शहाणपणाचे नव्हे. आपल्याकडे धोतर, उपरणे व टोपी पांढरी असण्याची जी रूढी होती तिला ह्या प्रयोगाची गरज पडली नव्हती. अनुभवाने तेच शिकविले होते.

मुलाच्या मताचा आधार सन १८०४ मध्ये सापडतो. त्या साली स्कॉटलंडमधील जॉन लेस्ली ह्याने उष्णतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने पत्र्याचा एक चौकोनी डबा घेतला. त्याची एक बाजू काजळीने काळी केली, एकीवर कागद चिकटविला, एक बाजू लखलखीत ठेविली, आणि डब्यात उकळते पाणी भरून प्रत्येक बाजूकडून किती उष्णता बाहेर पडते हे मापून पाहिले. काजळीच्या बाजूची उष्णता १०० धरली, तर लखलखीत पत्र्याची केवळ १२ भरली. काळी बाजू उष्णता अधिक बाहेर टाकते हा पाठ येथूनच शालेय पुस्तकांत गेला. स्वयंपाकघरात ह्याचा पडताळा सहज मिळतो. घासूनपुसून लख्ख केलेल्या पितळी भांड्यातले पाणी बराच वेळ ऊन राहते, आणि चुलीवर काळवंडलेल्या भांड्यातले त्या मानाने लवकर निवते.

परंतु लेस्लीच्या कोष्टकातील एक आकडा शालेय पुस्तकांत सहसा उतरत नाही, आणि प्रस्तुत वादाचा निकाल तर त्याच आकड्यात आहे. लिहिण्याच्या कागदाची उष्णता त्याच्या मापनात ९८ भरली. कागद पांढरा आणि काजळी काळी. पण उष्णता बाहेर टाकण्यात दोघांत दोनच अंकांचे अंतर! तेव्हा फरक काळ्या व पांढऱ्या रंगांत नसून उघड्या, चकचकीत धातूत आणि रंग, कागद वा काजळी ह्यांनी झाकलेल्या पृष्ठभागात होता.

ह्याचे कारण सन १८०० मध्ये विल्यम हर्शेलने लावलेल्या शोधात आहे. सूर्यप्रकाशाच्या सप्तरंगी पट्ट्यात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तेथेही, तापमापकाचा पारा चढतो असे त्याला आढळले. दिसणाऱ्या प्रकाशाशिवाय न दिसणारे उष्णकिरणही आहेत, हे तेव्हापासून कळले. सूर्य अतिशय तप्त असल्यामुळे त्याच्या उष्णतेचा मोठा भाग दिसणाऱ्या प्रकाशातून येतो. चहाची किटली, माणसाचे शरीर किंवा संगणकाची पेटी ह्यांसारख्या कोमट वस्तू मात्र केवळ न दिसणारे किरण बाहेर टाकतात. पांढरा तैलरंग डोळ्यांना पांढरा दिसतो खरा, पण ह्या अदृश्य किरणांच्या दृष्टीने तो काळ्या रंगाइतकाच काळा असतो. म्हणून उन्हात ठेविलेल्या वस्तूचा रंग फार महत्त्वाचा, आणि सावलीतल्या कोमट वस्तूचा रंग जवळजवळ बिनमहत्त्वाचा.

हे तत्त्व ज्या पेटीत उत्तम रीतीने उतरले ती पेटी संगणकाची नव्हे; ती वेधशाळेची. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा सन १८२६ मध्ये स्थापन झाली, आणि अखिल भारताचे हवामानखाते सन १८७५ मध्ये. ह्या खात्याच्या वेधशाळांतून तापमापक उघड्यावर ठेवीत नाहीत. ते स्टीव्हन्सनची पेटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका लाकडी पेटीत टांगतात. ही पेटी टॉमस स्टीव्हन्सन ह्या स्कॉटिश स्थापत्यविशारदाने योजिली. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्याचाच पुत्र. पेटीला बाहेरून स्वच्छ पांढरा रंग असतो, कारण ती दिवसभर उन्हात उभी असते. पण केवळ रंगावर विसंबून स्टीव्हन्सन थांबला नाही. पेटीच्या चारही बाजूंना त्याने तिरप्या फळ्यांच्या दुहेरी झडपा बसविल्या, म्हणजे ऊन आत शिरू नये आणि वारा मात्र अखंड खेळावा. उन्हासाठी रंग आणि उष्णतेसाठी वारा, अशी कामाची वाटणी त्या पेटीत स्पष्ट दिसते.

गणनयंत्रांच्या इतिहासाकडे वळल्यास ही वाटणी तेथेही आढळते. अमेरिकेत सन १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिॲक ह्या प्रचंड यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या व ते दीडशे किलोवॅट वीज खाई. त्याचे उंच पत्रे काळे होते. परंतु काळ्या रंगामुळे यंत्र थंड राहील अशा भ्रमात त्याचे कर्ते नव्हते. त्यांनी त्यात मोठाल्या पंख्यांनी हवा खेळविली होती. भारतात पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ह्या संस्थेत आर. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. तो सन १९६० मध्ये कामास लागला आणि सन १९६२ मध्ये त्याचे टिफ्रॅक असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. १८ फूट लांब, अडीच फूट रुंद व ८ फूट उंच अशा पोलादी कपाटात तो मावला होता, आणि आतील जोडण्यांपर्यंत हात पोचावा म्हणून कपाटाला दोन्ही अंगांनी दारे होती. आजच्या घरगुती पेटीची ही पणजी म्हटली तरी चालेल.

पुढे यंत्रे लहान व मूल्यवान झाली, ती ग्राहकांच्या दिवाणखान्यासारख्या सजविलेल्या दालनांत जाऊन बसली, आणि रंगाचा प्रश्न शोभेचा प्रश्न म्हणून पुढे आला. आय.बी.एम. कंपनीने सन १९६४ मध्ये जाहीर केलेली यंत्रमाला निळ्या, तांबड्या, पिवळ्या अशा अनेक रंगांत मिळे. सन १९७६ च्या क्रे-१ ह्या महासंगणकाचे रंगीत, अर्धवर्तुळाकार फलक आणि भोवतालची बैठक पाहून पाहुण्यास तो एखाद्या भव्य सभागृहातील कोच वाटावा. परंतु त्याला थंड ठेवण्याचे काम फलकांच्या मागील नळ्यांतून फिरणारा फ्रिऑन हा शीतद्रव करीत असे. नंतर घरगुती व कार्यालयीन संगणक आले, तेव्हा बदामी व राखी रंगांचे राज्य सुरू झाले. टेबलावरील यंत्रे फिकट व चकाकी नसलेली असावीत, म्हणजे डोळ्यांना त्रास होत नाही, असा जर्मनीतील कार्यालयांत दंडक होता. त्या पेट्यांचे प्लॅस्टिक कालांतराने प्रकाशाने पिवळे पडे, हे ज्यांनी ती यंत्रे वापरली त्यांना आठवत असेल. सन १९९२ मध्ये आय.बी.एम.ने काळा थिंकपॅड आणला, सन १९९८ मध्ये ॲपलने निळसर पारदर्शक आयमॅक आणला, आणि बदामी रंगाचे राज्य ओसरले. ह्या साऱ्या स्थित्यंतरांत अभिरुची बदलली, बाजार बदलला. उष्णता मात्र प्रत्येक वेळी वाऱ्याने किंवा द्रवानेच बाहेर नेली.

आता सरावलीच्या घरातील पेटीचा हिशेब मांडून पाहावा. सर्व बाजू मिळून तिचा पृष्ठभाग सुमारे एक चौरस मीटर धरू. तिचे पत्रे खोलीपेक्षा पाच अंशांनी ऊन असतील, तर किरणांवाटे पंचवीस-तीस वॅट उष्णता बाहेर पडेल. पेटी काळी असो वा पांढरी, ह्या आकड्यात एखाददुसऱ्या वॅटचाच फरक पडेल. उलट, मिनिटास ५० घनफूट हवा वाहून नेणारा एकच पंखा, बाहेर जाणारी हवा खोलीपेक्षा दहा अंशांनी ऊन झाली असता, सुमारे २७० वॅट उष्णता घेऊन जातो. म्हणून शोभेच्या नादात खरा घात होतो तो रंगाने नव्हे, तर पेटीच्या तोंडाशी बसविलेल्या अखंड काचेने. हवा आत येण्याची वाटच बुजली तर पंखा तरी काय करील? जाळीदार तोंड, मागे मोकळी जागा, आणि महिन्यापंधरा दिवसांनी जाळीवरची धूळ झाडण्याचा नेम, ह्या तीन गोष्टी पाळल्या असता रंग ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावा.

वडिलांचे म्हणणे मात्र एका ठिकाणी अक्षरशः खरे ठरते. सरावली समुद्रकिनाऱ्यापासून दूर नाही, आणि किनारपट्टीवर दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन फार कडक. ते ऊन खिडकीतून थेट पेटीवर पडत असेल आणि चौरस मीटरमागे पाचशे वॅट धरले, तर पाव चौरस मीटरची काळी बाजू शंभराहून अधिक वॅट उष्णता पिते आणि पांढरी तीसच्या आसपास. तेथे फ्रँकलिनचा बर्फावरचा तुकडा पुन्हा जिंकतो. तथापि त्यावरही अधिक सोपा उपाय टेबल दोन हात बाजूस सरकविणे हाच आहे.

उष्णता वाहत्या माध्यमानेच नेली जाते, ह्याचा भव्य दाखला सरावलीकरांच्या शेजारीच उभा आहे. तारापूरचे अणुविद्युत् केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी लागणारा गारवा पुरविण्याकरिता त्याची जागा समुद्रकाठी निवडलेली आहे. अरबी समुद्राचे पाणी आत येते, उष्णता घेते आणि परत जाते. त्याहून जुना दाखला ह्याच जिल्ह्यातील वारली घरांचा. त्यांच्या भिंतींवर गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी चित्रे ही शोभेची आणि लग्नकार्याच्या मांगल्याची. घरात गारवा येई तो गवताच्या जाड छपरामुळे आणि कारवीच्या कुडातून झिरपणाऱ्या वाऱ्यामुळे. रंगाकडून रंगाचे काम घ्यावे आणि वाऱ्याकडून वाऱ्याचे, हे त्या घरांच्या कर्त्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते.

आणि येथेच ह्या किरकोळ वाटणाऱ्या वादाला गंभीर वळण मिळते. गवताच्या छपरांची जागा ठिकठिकाणी पत्र्याने घेतली आहे. कारखान्यांभोवतालच्या पुष्कळ बिऱ्हाडांवर आज पत्राच आहे, आणि एप्रिल-मेमध्ये तो दिवसभर तापून खालच्या माणसांना भाजून काढतो. पत्रा हा उन्हात आहे. म्हणून तेथे रंगाला सर्वाधिक किंमत. अहमदाबाद शहराने सन २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेपासून नागरिकांचे रक्षण करण्याची योजना आखली, आणि पुढे छपरांना पांढरा रंग देण्याचा उपक्रमही हाती घेतला. अशा छपराखालील खोली काही अंशांनी थंड राहते. यंत्राच्या आतील उष्णतामान नेहमी खोलीच्या उष्णतामानावर चढत जाते. खोली तीन अंशांनी उतरली की यंत्रही जवळजवळ तितकेच उतरते. म्हणजे डोक्यावरच्या पत्र्याला दिलेला पांढरा हात संगणकाला जो गारवा देईल, तो पेटीला दिलेला कोणताही रंग देणार नाही. शिवाय तो गारवा त्या खोलीत झोपणाऱ्या आजीला, तान्ह्या मुलाला आणि रात्रपाळी करून आलेल्या कामगारालाही मिळेल.

यास्तव सरावलीच्या त्या घरात मुलाने आवडीची काळी पेटी खुशाल आणावी, आणि वडिलांनी आपला पांढरा रंगही वाया जाऊ देऊ नये. त्याचा डबा घेऊन उन्हाळ्यापूर्वी एकदा छपरावर चढावे.