गव्हाचा तांबेरा आणि माशीची मध्यस्थी

कामगारांच्या सभांत घसा कोरडा करणारे आम्ही. आज बुरशीच्या लग्नकार्यावर बोलायला उभे आहोत, याचे आपणांस नवल वाटेल. पण भाकरीचा प्रश्न आला की आम्हांला गप्प बसवत नाही.

गव्हाच्या खोडावरचा तांबेरा हा बुरशीचा रोग. युरोप-अमेरिकेत शेताच्या बांधावर बार्बेरी नावाचे काटेरी झुडूप असे. आपल्या दारुहळदीचे ते भावंड. त्याच्याजवळ गहू बिघडतो, असे शेतकरी सांगत. अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीने १७२६ साली त्याविरुद्ध कायदाही केला. पुष्कळ विद्वान मात्र ही अडाण्यांची समजूत मानीत. अखेर १८६५ साली आंतोन डे बारी या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखवले, की गव्हावरची आणि बार्बेरीवरची बुरशी एकच. शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला, पण १३९ वर्षांनी! आम्हांला या दिरंगाईचे आश्चर्य वाटत नाही. कोर्टकचेऱ्या आम्ही पाहिल्या आहेत.

कोडे मात्र उरलेच. बार्बेरीच्या पानावर वरच्या अंगाला बारीक पुटकुळ्या येतात, त्यांतून गोड रस पाझरतो. तो कशासाठी? १९२७ साली कॅनडात विनिपेग येथे जॉन क्रेगी यांनी एकेका बीजाणूपासून एकेक पुटकुळी वाढवली. एकटी ठेवलेली पुटकुळी बहुधा वांझ राहिली. मग एकीचा रस दुसरीला लावला, तेव्हा कित्येकींच्या खाली, पानाच्या मागच्या अंगाला, पिवळे पेले फुटले. गव्हावर जाणारे बीजाणू याच पेल्यांतले. पुटकुळ्या दोन जातींच्या होत्या, आणि भिन्न जातींचा संयोग झाला तरच फळ धरे. सगोत्र विवाह बुरशीलाही वर्ज्य! मध्यस्थी कोण करी? रसाला लोभावलेली माशी.

गव्हावर ही बुरशी संयोगाविना आपल्याच नकला काढीत सुटते. बार्बेरीवर मात्र गुणांची सरमिसळ होऊन नवे प्रकार जन्मतात, आणि काल रोगाला दाद न देणारा गहू आज बळी पडतो. १९१६ च्या मोठ्या साथीनंतर अमेरिकेने १९१८ पासून बार्बेरी उपटायला घेतली होती. त्या कष्टाचे हे दुसरे फळ क्रेगींमुळे उमगले.

मग आपणही दारुहळद उपटावी काय? आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षे डोंगर धुंडाळून दाखवले, की इथे तिचा दोष नाही. मैदानातल्या कडक उन्हाळ्यात तांबेरा मरतो. थंड डोंगरांवरच्या गव्हावर तो तग धरतो आणि तिथून वाऱ्याबरोबर खाली उतरतो. त्याला ना झुडूप लागते, ना माशी.