यंत्र जागे होताना: कर्नल आपले घड्याळ कसे शोधतो

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत आत काय काय घडले, याची एक नोंदवही लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम ठेवीत असते. तीत प्रत्येक ओळीच्या आरंभी चौकोनी कंसात एक आकडा असतो. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जागा झाल्याला किती सेकंद लोटले हे तो दशलक्षांश सेकंदापर्यंत सांगतो. ही नोंदवही प्रथमच उघडणाऱ्याच्या नजरेत भरते ती एक विसंगती. सुरुवातीच्या कित्येक ओळींपुढे एकच आकडा असतो: ०.००००००. प्रोसेसरची ओळख पटली, स्मृतीचा नकाशा वाचून झाला, बायोसने मांडून ठेवलेले तक्ते चाळून झाले, तरी वेळ शून्यच! या कामांना वेळ लागलाच. पण तो मोजण्याचे साधन तोवर कर्नलच्या हाती आलेले नव्हते. २०१८ साली आलेल्या ४.१९ या आवृत्तीपासून हा शून्यांचा काळ पुष्कळ आखडला असला, तरी अगदी पहिल्या ओळी अजूनही शून्यावरच असतात.

मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारे घड्याळ असतेच, मग शोधायचे ते काय, असा प्रश्न येथे साहजिक आहे. आयबीएमने १९८४ साली पीसी-एटी बाजारात आणला तेव्हा त्यात मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप होती. सेकंदाला ३२,७६८ स्पंदने करणाऱ्या स्फटिकावर ती चाले. हा आकडा म्हणजे २ चा पंधरावा घात. तो पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. त्याच वळणाचे घड्याळ आजच्या संगणकांच्या चिपसेटमध्येही असते. मात्र तारीख, तास, मिनिटे आणि सेकंद यांपलीकडे ते काही सांगत नाही. दिनदर्शिका म्हणून ते पुरेसे, पण सेकंदाचा दशलक्षांश मोजू पाहणाऱ्या कर्नलला त्याचा उपयोग आरंभी एकदा वेळ विचारून घेण्यापुरताच. त्यातही ती वेळ कोणत्या प्रदेशाची, हे त्या घड्याळात नोंदलेले नसते. विंडोज तिला स्थानिक वेळ मानते, लिनक्स बहुधा जागतिक प्रमाणवेळ. एकाच यंत्रावर दोन्ही सिस्टीम नांदवणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांना विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसते, ते याच मतभेदामुळे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात तर चौथ्या आवृत्तीपर्यंत असे घड्याळच नव्हते. मागच्या खेपेस जपून ठेवलेली वेळ हाती घेऊन तो जागा होई आणि इंटरनेटची भेट होईपर्यंत त्याच वेळेत जगे. २०२३ सालच्या पाचव्या आवृत्तीत ही उणीव दूर झाली. बॅटरी मात्र निराळी जोडावी लागते.

कर्नलला खरी गरज असते ती दोन वस्तूंची. एक, केव्हाही पाहता येईल असे बारीक काटे असलेले घड्याळ. दुसरी, सांगितलेल्या क्षणी हाक मारणारा गजर, ज्याला संगणकाच्या भाषेत इंटरप्ट म्हणतात. एका प्रोग्रॅमची पाळी संपवून दुसऱ्याची सुरू करणे, हार्ड डिस्कच्या उत्तराची वाट किती पाहायची ते ठरवणे, नेटवर्कवर हरवलेले पाकीट पुन्हा धाडणे, ही सारी कामे या दोघांवर अवलंबून असतात. लिनक्सने २००६-०७ च्या सुमारास या दोन भूमिका एकमेकींपासून स्पष्ट अलग केल्या.

पीसीतील सर्वांत जुना गजर म्हणजे प्रोग्रॅमेबल इंटरव्हल टायमर, अर्थात पिट. त्याची गती सेकंदाला ११,९३,१८२ स्पंदने. हा विचित्र आकडा आला कोठून? १९८१ साली आयबीएमच्या अभियंत्यांनी मूळ पीसीसाठी १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक निवडला. अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीच्या एनटीएससी पद्धतीत रंगांचा संकेत ज्या वारंवारितेवर चाले, तिच्या हा आकडा नेमका चौपट होता; त्यामुळे एकाच स्फटिकातून सगळ्यांची सोय झाली. त्याला तिनाने भागून प्रोसेसरची ४.७७ मेगाहर्ट्झ गती मिळाली, चाराने भागून दूरचित्रवाणीचा संकेत आणि बाराने भागून पिटची गती. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले ते पाल पद्धतीचे; तिची रंगवारंवारिता अगदी निराळी. तरीही पुण्या-मुंबईतल्या घराघरांतील पीसीच्या पोटात अमेरिकी दूरचित्रवाणीचाच आकडा टिकटिकत राहिला.

आकडा विचित्र असला तरी तो पक्का ठाऊक आहे, हे पिटचे बलस्थान. त्याच्या ठोक्याशी तुलना करून बाकीच्यांची गती काढता येते. पण ही तुलना करताना मोजणाऱ्यानेच एखादे गृहीतक धरले की काय होते, याची उदाहरणे संगणकाच्या इतिहासात ठळक आहेत. टर्बो पास्कल या एके काळी लोकप्रिय असलेल्या भाषेच्या पडदा हाताळणाऱ्या भागात, प्रोग्रॅम सुरू होतानाच प्रोसेसरचा वेग अजमावला जाई. पिटच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामे आवर्तन किती वेळा फिरते ते मोजायचे आणि ५५ ने भागायचे. उत्तर ६५,५३५ पेक्षा मोठे निघेल अशी कल्पना कोणी केलेली नव्हती. सुमारे २०० मेगाहर्ट्झचे प्रोसेसर आले आणि उत्तर त्या मापात मावेना. कालपर्यंत बिनतक्रार चालणारे प्रोग्रॅम 'रनटाइम एरर २००' असा, शून्याने भागाकार झाल्याचा, संदेश देऊन पहिल्याच पावलावर कोसळू लागले. विंडोज ९५ चीही अशीच फजिती झाली. १९९८ च्या सुमारास एएमडीचे के६-२ हे ३५० मेगाहर्ट्झचे व त्यापुढचे प्रोसेसर आले. त्यांनी वेग मोजण्याचे आवर्तन इतक्या झपाट्याने संपवले, की लागलेला वेळ शून्य भरला, त्या शून्याने भागाकार झाला आणि यंत्र सुरू होतानाच अडकले. दोष प्रोसेसरचा नव्हता. तो केवळ अपेक्षेहून वेगवान होता.

लिनक्समध्येही असे आवर्तन होते आणि आहे. १९९३ साली ते आले, तेव्हा त्यातून निघणाऱ्या आकड्याला लिनस टोरवाल्ड्स यांनी 'बोगोमिप्स' असे नाव दिले. त्यातला 'बोगो' म्हणजे आपल्याही बोलीत रुळलेला 'बोगस'. या आकड्यावरून प्रोसेसरची गुणवत्ता ठरवू नका, असा इशारा नावातच होता. तरीही पुढची अनेक वर्षे लोक परस्परांच्या बोगोमिप्सची तुलना करीत राहिले, ही गोष्ट निराळी. मोजण्याची रीत सावध होती. आवर्तनांची संख्या ४,०९६ पासून सुरू करून ती दुप्पट करत जायची. एक ठोका ओलांडला की थांबायचे आणि मग मागे येत नेमका आकडा गाठायचा. प्रोसेसर कितीही वेगवान असो, दुपटीची ही चढण त्याला गाठतेच.

१९९३ साली इंटेलच्या पेंटियममध्ये आलेल्या टाइम स्टॅम्प काउंटरने, म्हणजे टीएससीने, चित्र पालटले. हा गणक प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे तो वाचण्यास काही नॅनोसेकंद पुरतात. पिट वाचायचा तर प्रोसेसरला बाहेरच्या संथ रस्त्याने जावे लागते व त्यात मायक्रोसेकंद खर्ची पडतात. एखादा व्यस्त सर्व्हर सेकंदाला लाखो वेळा घड्याळ पाहतो, तेव्हा हा फरक क्षुल्लक राहत नाही. पण टीएससी फक्त मोजतो. आपण सेकंदाला किती मोजतो, हे तो सांगत नाही. ते कर्नलने शोधायचे.

यासाठी कर्नल पिटचा तिसरा गणक हाती घेतो. मूळ पीसीत तो स्पीकरमधून बीप वाजवण्यासाठी होता. स्पीकर मुका ठेवून त्याला ५० मिलिसेकंदांचे काम दिले, तर तेवढ्यात पिट ५९,६५९ वेळा मोजतो आणि २.४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा टीएससी १२ कोटी पुढे सरकतो. गुणोत्तर काढले की झाले, असे वाटावे. अडचण अशी की या मोजणीच्या मध्येच बायोसची काही कामे, जसे तापमान पाहणे किंवा यूएसबी कळफलक सांभाळणे, प्रोसेसरला परस्पर ओढून नेऊ शकतात, आणि ऑपरेटिंग सिस्टीमला त्याचा पत्ताही लागत नाही. तेवढा वेळ टीएससी धावतच असतो. म्हणून कर्नल मोजणी पुन्हा पुन्हा करतो आणि सर्वांत कमी भरलेले उत्तर ग्राह्य धरतो. पुढे यंत्र स्थिरावल्यावर, सुमारे सेकंदभराच्या अवधीत, दुसऱ्या घड्याळाशी ताडून तो हे उत्तर आणखी सुधारतो. नवे उत्तर जुन्यापासून एक टक्क्याहून दूर गेले, तर ते फेटाळले जाते.

ही दुसरी घड्याळे दोन. एक एसीपीआय पॉवर मॅनेजमेंट टायमर, गती ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ, म्हणजे तोच दूरचित्रवाणीचा आकडा. दुसरे एचपीईटी. या दोहोंचे पत्ते बायोसने मांडलेल्या तक्त्यांत लिहिलेले असतात. लिहिलेले आहे एवढ्यावर कर्नल विसंबत नाही. काही जुन्या चिपसेटमध्ये पहिला टायमर आकडा बदलत असतानाच वाचला गेला, तर भलतेच उत्तर देई. म्हणून तेथे तो तीनदा वाचून सुसंगत वाचनच स्वीकारले जाते. गजराचीही परीक्षा होते. दहा ठोक्यांइतका वेळ थांबून निदान पाच ठोके पोचले का, हे पाहिले जाते. एखादा ठोका येऊन पुढे सारे गप्प, असे मदरबोर्डही कर्नलच्या लेखकांनी पाहिलेले आहेत. कोणत्याच मार्गाने गजर वाजेना, तर कर्नल तेथेच थांबतो. लिनक्सच्या जुन्या वापरकर्त्यांना काही यंत्रे सुरू करताना 'नोएपिक' हा शब्द टंकावा लागे, त्याचे एक मूळ येथे होते.

सगळ्या उमेदवारांना कर्नल गुण देतो: टीएससीला ३००, एचपीईटीला २५०, एसीपीआय टायमरला २००, पिटला ११०. सर्वाधिक गुणांचे घड्याळ गादीवर बसते, पण ती गादी कायमची नसते. या शतकाच्या पहिल्या दशकात वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर आपला वेग कमीजास्त करू लागले आणि त्याबरोबर टीएससीही मंद-जलद होऊ लागला. गाढ विश्रांतीत तर तो थांबेच. २००५ च्या सुमारास एएमडीचे दोन गाभ्यांचे प्रोसेसर आले, तेव्हा दोन गाभ्यांचे टीएससी एकमेकांपासून दुरावू लागले. काही खेळांत चित्र अडखळू लागले ते त्यामुळे. पुढे २००७-०८ मध्ये एएमडी आणि इंटेल या दोघांनीही कधीही न बदलणारा, न थांबणारा टीएससी दिला. तरी ज्या यंत्रांवर त्याची पुरेशी खात्री नसते, तेथे कर्नल एक पहारेकरी बसवतो. साधारण अर्ध्या सेकंदाला तो टीएससीची एचपीईटीसारख्या घड्याळाशी गाठ घालून देतो. फरक मर्यादेबाहेर गेला की टीएससी अस्थिर ठरून पदच्युत होतो.

एवढी मोजमापे करण्याऐवजी प्रोसेसरनेच आपली गती सांगावी, हा सरळ उपाय. २०१५ नंतरच्या इंटेलच्या प्रोसेसरांत ती सोय आली. टीएससी आणि त्याचा मूळ स्फटिक यांचे गुणोत्तर प्रोसेसर स्वतः सांगतो. काही प्रोसेसर स्फटिकाची गती मात्र सांगत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी ती कर्नलमध्येच लिहून ठेवली गेली. स्कायलेक वर्गातील सर्व्हरच्या प्रोसेसरांसाठी २५ मेगाहर्ट्झ हा आकडा लिहिला होता. त्याच क्रमांकाच्या वर्कस्टेशनमध्ये प्रत्यक्षात २४ चा स्फटिक होता. परिणामी त्या यंत्रांवर घड्याळ चार टक्के मागे पडे, म्हणजे तासाला जवळजवळ अडीच मिनिटे. सर्व्हरचा आकडाही तंतोतंत नव्हता. विद्युतचुंबकीय उपद्रव कमी करण्यासाठी तेथे स्फटिकाची गती पाव टक्क्याने उतरवलेली होती, त्यामुळे दर दहा मिनिटांना सुमारे एक सेकंदाची घट येई. इंटरनेटवरून वेळ जुळवणारी एनटीपी ही व्यवस्था असा कल सुधारते, पण दशलक्षात ५०० भागांपर्यंतच, म्हणजे दिवसाला सुमारे ४३ सेकंद. पाव टक्का याच्या पाचपट होतो. २०१८ च्या आरंभी तो लिहिलेला आकडा पुसण्यात आला आणि कर्नल त्या यंत्रांवर पुन्हा मोजणीकडे वळला.

ज्याच्याशी ताडून पाहायचे तो पिट मात्र आता निवृत्तीच्या वाटेवर आहे. इंटेलच्या काही नव्या चिपसेटमध्ये वीज वाचवण्यासाठी त्याचे स्पंदनच बंद ठेवले जाते. परंपरेने त्याच्या ठोक्याची वाट पाहणारा कर्नल तेथे अडकून पडला असता. म्हणून २०१९ साली, जेथे पिटवाचून भागते तेथे त्याच्याकडे फिरकूच नये, अशी तरतूद लिनक्समध्ये झाली. त्याच वर्षी इंटेलच्या कॉफी लेक यंत्रांवरील एचपीईटी गाढ विश्रांतीत थांबतो, असे आढळून त्यालाही वगळावे लागले. पहारेकऱ्याच्या हातातले घड्याळच थांबल्यावर निर्दोष टीएससी दोषी ठरत होता.

आपल्या यंत्रावर हे सारे पाहायचे असल्यास 'डीमेसेज' ही आज्ञा देऊन 'टीएससी' आणि 'क्लॉकसोर्स' हे शब्द शोधावेत. गती कितीची भरली, ती नंतर किती सुधारली गेली आणि शेवटी कोणत्या घड्याळाची निवड झाली, हे तीन-चार ओळींत दिसते. टीएससी अस्थिर ठरल्याची ओळ आढळली आणि सर्व्हर अकारण संथ वाटत असेल, तर प्रथम बायोसची नवी आवृत्ती बसवून पाहावी. टीएससीवर विश्वास ठेवण्याची सक्ती कर्नलवर करता येते. ती मात्र, पहारेकरीच चुकला आहे याची खात्री पटल्यावरच करावी.