चॅनिंगची कचेरी

इमारतीवर व्याख्यान आहे असे कळले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ला, देऊळ किंवा राजवाडा उभा राहतो. आज मात्र आम्ही त्यांना एका कचेरीत नेणार आहोत. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या उत्तर टोकाला चॅनिंग नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे एक जुनी, साधी कचेरी आहे. शिकागोच्या फार्वेल बंधूंचे 'एक्सआयटी' नावाचे गुरांचे अवाढव्य कुरण होते. त्याचा कारभार या कचेरीतून चाले.

कचेरीचा इतिहास सुरू होतो तो मात्र शेकडो मैल दूर, ऑस्टिन या राजधानीत. टेक्सास सरकारपाशी पैसा नव्हता, जमीन होती. म्हणून १८७६ च्या राज्यघटनेनेच नव्या विधानभवनासाठी जमीन राखून ठेवली. १८८१ च्या नोव्हेंबरात जुने विधानभवन जळाले, आणि काम निकडीचे झाले. १८८२ साली सौदा ठरला. मक्तेदाराने स्वखर्चाने इमारत उभारावी, आणि सरकारने त्याला ३० लाख एकर, म्हणजे सुमारे बारा हजार चौरस किलोमीटर जमीन द्यावी. ही जमीन मोकळी होती असे सांगतात. ती मोकळी कशी झाली? १८७४-७५ च्या लढाईनंतर कोमांची व कायोवा लोकांना तेथून हुसकावून राखीव प्रदेशात कोंडण्यात आले, आणि त्यांचे जीवन ज्यावर चाले ते रानगव्यांचे कळप शिकाऱ्यांनी मारून संपविले. 'मोकळी' हा शब्द इतिहासात नेहमी तपासून घ्यावा लागतो.

मक्ता लवकरच फार्वेल बंधू व त्यांच्या भागीदारांकडे आला. जॉन फार्वेल कापडाचे घाऊक व्यापारी. चार्ल्स पुढे सिनेटचे सभासद झाले. शेतकरी वस्तीला येईपर्यंत जमिनीवर गुरे पाळावीत, असा त्यांचा बेत होता. पण बांधकामालाही पैसा हवा आणि गुरांनाही. म्हणून १८८५ साली लंडनमध्ये कंपनी काढून कर्जरोखे विकण्यात आले. तिचे अध्यक्ष मार्क्विस ऑफ ट्वीडेल हे तरुणपणी आपल्याकडे बंगालच्या मुलकी नोकरीत होते, हे ऐकून श्रोत्यांना मौज वाटेल. गवत टेक्सासचे, मालक शिकागोचे आणि सावकार लंडनचे! मग हिशेब ठेवायला कचेरी हवीच.

१८८५ च्या जुलैत पहिला कळप आला. एक्स, आय, टी ही तीन अक्षरे सरळ रेघांची; एकाच तापल्या सळईने गुरांवर उठविता येत. पुढे गुरांची संख्या दीड लाखापर्यंत गेली. सव्वातीनशे पवनचक्क्या पाणी उपसू लागल्या, आणि काटेरी तारेचे कुंपण दीड हजार मैल पसरले. १८८८ साली ऑस्टिनला तांबूस ग्रॅनाइटचे भव्य विधानभवन खुले झाले. उंचीत ते वॉशिंग्टनच्या कॅपिटॉललाही मागे टाकते. त्याच्या दगडाच्या कामी कैद्यांना राबविले होते. त्याच वर्षी कुरणातून आगगाडी धावू लागली. तिच्या रस्त्यावर चॅनिंग वसले, आणि मालकांनी मुख्य कचेरी तेथे आणली.

या कारभाराची शिस्त कडक होती. १८८८ साली छापलेल्या तेवीस नियमांनुसार नोकरांना पिस्तूल, दारू, जुगार यांची बंदी होती. स्वतःची गुरेही कुरणात ठेवता येत नसत. चित्रपटातला गुराखी आणि या कचेरीचा पगारी गुराखी यांत केवढे अंतर! १९०३ साली जिल्ह्याचे ठाणे चॅनिंगला आले, तेव्हा हार्टलीची लाकडी न्यायकचेरी चाकांवर चढवून ओढत आणली ती याच गुराख्यांनी.

इतके करूनही जमाखर्च जुळेना. गुरांचे भाव कोसळले. दुष्काळ, हिमवादळे, वणवे, लांडगे आणि चोर यांनी नुकसान केले. कुरण बहुतेक वर्षे नफ्यात आलेच नाही. रोखेवाल्यांचा तगादा वाढला तेव्हा १९०१ पासून जमिनीची मोठी विक्री सुरू झाली. १९०९ पर्यंत रोखे फिटले. १९१२ च्या नोव्हेंबरात शेवटची गुरे विकली गेली. जमिनीचा शेवटचा तुकडा १९६३ साली गेला.

ऑस्टिनचे विधानभवन पाहायला लोक आजही जातात, आणि ते राज्याला फुकट मिळाले असेही ऐकू येते. आमचे म्हणणे एवढेच की, त्यांनी चॅनिंगलाही जावे. विधानभवनाची किंमत कोमांचींनी भूमी देऊन आणि कैद्यांनी घाम गाळून चुकविली. फार्वेलांनी ती कर्जाच्या हप्त्यांनी चुकविली. भव्य इमारतीवर यांतले काही लिहिलेले नसते. ते शोधायचे तर लहान गावातल्या अशा साध्या कचेरीचे दार उघडावे लागते.