विमान अर्ध्या तासाचं, घाट दीडशे वर्षांचा

मुंबई ते पुणे विमानाने किती वेळ लागतो, हा प्रश्न हल्ली बऱ्याचदा कानावर येतो. सांताक्रूझचा विमानतळ ते लोहगाव, सरळ रेषेत अंतर भरतं जेमतेम 124 किलोमीटर. रस्त्याने तेच दीडशेच्या वर जातं. विमान हवेत असतं साधारण अर्धा तास, वेळापत्रकात मात्र तासभर धरतात. त्यात तपासणी, थांबणं, दोन्हीकडची टॅक्सी मिळवा. तेवढ्यात रेल्वेने माणूस घरी पोचून जेवलेला असतो!

नकाशावर ही रेष ओढून बघा. ती आपल्या मावळावरून जाते आणि तिचा मध्य लोणावळ्याच्या थोडासा उत्तरेला येतो. विमानाला खाली घाट आहे की सपाटी, काही फरक पडत नाही. जमिनीवरच्या माणसाला मात्र तो पडतच आलाय.

1830 मध्ये गव्हर्नर माल्कमने बोरघाटात गाडीरस्ता खुला केला. त्याआधी बैल, घोडा नाहीतर पालखी. 1858 ला पुणे-खंडाळा रेल्वे सुरू झाली, पण घाट तसाच मधे उभा. म्हणजे रेल्वेने खंडाळ्याला यायचं, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट उतरायचा, खाली पुन्हा गाडी पकडायची. पाच वर्षं असं चाललं.

घाटातल्या रेल्वेचं काम 1856 ला सुरू झालं होतं. चढ कुठे कुठे सदतिसास एक, बोगदे 25. थकलेल्या मजुरीवरून 1859 च्या सुरुवातीला मजुरांनी दंगा केला आणि फॅव्हिएल नावाच्या ठेकेदाराने काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आला आणि महिनाभरातच वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला, देखरेखीला माणसं नेमली आणि 1863 ला घाट पूर्ण झाला. 1861 मध्ये एका वेळी 42 हजार मजूर इथे राबत होते. पटकीने किती गेले, त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची दंतकथा तेवढी उरली. त्याच्या देवळापाशी ड्रायव्हर अजून नाणं टाकतात.

1929 ला वीज आली आणि गाडी मागे-पुढे करायचं रिव्हर्सिंग स्टेशन गेलं. 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन धावली, तेव्हा पावणेतीन तासांत पोचायची. आज सव्वातीनच्या आसपास घेते. हा हिशेब कुणी विचारत नाही, हे विशेष. 2002 पासून एक्सप्रेस वे आहे, पण शनिवारी घाटात अडकलेल्याला त्याबद्दल विचारा!

आता 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. लोणावळ्यापासून सरळ रेषेत 45 किलोमीटर, म्हणजे आपल्याला तो लोहगावपेक्षाही जवळ. कामशेत-वडगावच्या पोरांना तिथे नोकऱ्या मिळतील असं सगळे म्हणतात. पण पोरगं रोज जाणार कसं? पुण्याची लोकल लोणावळ्याला संपते, मुंबईची लोकल कर्जतपासून. मधल्या 28 किलोमीटरला आजही लोकल नाही. पुढच्या वेळी मत मागायला कोणी दारात आलं, तर आधी या 28 किलोमीटरचं विचारा.