रेकर : बंद पडलेल्या वाहनांना ओढून नेणाऱ्या वाहनाचा इतिहास आणि त्याच्या प्रतिकृती

प्रस्तावना

मोटारीच्या इतिहासाविषयी विपुल लेखन झालेले आहे. त्यात शोध, कारखानदारी, वेग व शर्यती यांची दखल घेतलेली आढळते. मोटार बंद पडल्यावर किंवा उलटल्यावर पुढे काय होते, हा प्रश्न मात्र या लेखनात सहसा उपस्थित होत नाही. वास्तविक मोटार रस्त्यावर आली त्याच दिवसापासून हा प्रश्नही तिच्याबरोबर रस्त्यावर आला. त्याच्या उत्तरादाखल जे वाहन निर्माण झाले त्यास अमेरिकेत 'रेकर' अथवा 'टो ट्रक' आणि इंग्लंडमध्ये 'ब्रेकडाउन लॉरी' असे म्हणतात. आपल्याकडे त्यास स्वतंत्र मराठी नाव रूढ झालेले नाही. लोक 'क्रेन' किंवा 'टोइंगची गाडी' म्हणून ते ओळखतात.

या वाहनाचा तांत्रिक विकास, त्याच्या खेळण्यातील व संग्राह्य प्रतिकृती आणि ते चालविणारा कामगार या तीन बाजूंचा एकत्रित विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. ओढल्या जाणाऱ्या वाहनाची सुरक्षितता शतकभरात सातत्याने वाढत गेली. रस्त्यावर उभे राहून ते काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेचा विचार मात्र फार उशिरा झाला, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

नावाची पूर्वपीठिका

'रेकर' या शब्दाचा उगम समुद्रकिनाऱ्यावर आहे. खडकावर आपटून फुटलेल्या जहाजांतील माल वाचविणाऱ्या, आणि प्रसंगी लुटणाऱ्याही, लोकांना इंग्रजीत हे नाव होते. पुढे रेल्वेचे युग आले. रुळांवरून घसरलेली इंजिने व डबे उचलण्यासाठी वाफेच्या क्रेन असलेल्या खास गाड्या ठेवण्यात येऊ लागल्या. अमेरिकेत या गाडीच्या नावात 'रेक' म्हणजे अपघाताने झालेला विध्वंस हा शब्द राहिला, तर इंग्लंडमध्ये 'ब्रेकडाउन' म्हणजे बिघाड हा शब्द रूढ झाला. मोटारीच्या काळात दोन्ही देशांनी आपापला रेल्वेचा शब्दच पुढे चालविला. जहाज, रेल्वे आणि मोटार अशा तीन युगांतून वाचविण्याच्या कामाची एकच परंपरा चालत आल्याचे या शब्दांवरून दिसते.

चॅटनूगा येथील आरंभ

मोटारीसाठीच्या रेकरचा आरंभ अमेरिकेतील टेनेसी राज्यातील चॅटनूगा या शहरी झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेथे अर्नेस्ट होम्स यांचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज होते. 1916 मध्ये त्यांच्या एका मित्राची फोर्ड मोटार चिकमॉगा नावाच्या ओढ्यात उलटी पडली. ती बाहेर काढण्यासाठी ठोकळे, दोरखंड आणि सहा माणसांचे बळ खर्ची पडले. हे काम एकट्या माणसास करता आले पाहिजे, हा विचार होम्स यांच्या मनात तेव्हापासून घोळू लागला. त्यांनी 1913 सालच्या कॅडिलॅक मोटारीच्या सांगाड्यावर तीन खांब, एक कप्पी व साखळी बसवून पहिले साधन तयार केले.

यात कप्पीचे तत्त्व नवे नव्हते. अडचण निराळीच होती. खड्ड्यातील वजन बाजूने ओढू लागताच ओढणारे वाहनच त्या दिशेने कलू लागते. विहिरीचा रहाट जमिनीत पक्का रोवलेला असतो. चाकांवरच्या रहाटास असा आधार नसतो. होम्स यांनी वाहनाच्या बाजूस जमिनीवर टेकणारे आधारपाय बसविले आणि ही अडचण दूर केली. पुढील काळात त्यांच्या कारखान्याची ओळख ठरलेली दुहेरी भुजांची रचनाही याच विचारातून आली. एका भुजेचा तारेचा दोर रस्त्यापलीकडील झाडास किंवा दुसऱ्या जड वाहनास बांधावयाचा आणि दुसऱ्या भुजेने दरीकडील मोटार ओढावयाची. दोन्ही बाजूंचे ताण परस्परांस तोलून धरतात व मधले वाहन स्थिर राहते. दुसऱ्याला वर काढणाऱ्याने आधी स्वतःचे पाय घट्ट रोवले पाहिजेत, हे व्यवहारातील शहाणपण होम्स यांनी यंत्रात उतरविले. या रचनेचे पेटंट घेऊन त्यांनी तिचे व्यापारी उत्पादन सुरू केले. ट्रकचा सांगाडा कोणत्याही कंपनीचा असो, त्यावर होम्स यांचे उचलयंत्र बसविता येई. त्यामुळे गावोगावच्या गॅरेजांत त्याचा प्रसार झाला.

युद्धकाळ आणि रेकर

दुसऱ्या महायुद्धाने या वाहनास मोठे महत्त्व प्राप्त करून दिले. अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेल्या डायमंड टी 969 या सहाही चाकांना गती देणाऱ्या ट्रकवर होम्स यांचे डब्ल्यू-45 हे दुहेरी भुजांचे यंत्र बसविलेले असे. नॉर्मंडीतील उतरणीनंतर 25 ऑगस्ट ते 16 नोव्हेंबर 1944 या काळात आघाडीवरील सैन्यास रसद पोहोचविण्यासाठी 'रेड बॉल एक्स्प्रेस' ही ट्रकवाहतूक चालविली गेली. तिच्यावरील चालकांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते. ऐन भरात सुमारे 6,000 वाहने एकाच ठरावीक मार्गावरून रात्रंदिवस धावत. अशा मार्गावर बंद पडलेला एक ट्रक मागची सारी रांग अडवून धरू शकतो. म्हणून नादुरुस्त वाहन तत्काळ बाजूस घेणे व मागाहून ओढून नेणे हा या व्यवस्थेचा अविभाज्य भाग होता.

ब्रिटिश सैन्याची मदार वॉटफर्ड येथील स्कॅमेल कंपनीच्या 'पायोनिअर' या वाहनावर होती. 1927 मध्ये पुढे आलेल्या या वाहनाची मागील चाके खाचखळग्यांतून स्वतंत्रपणे बरीच वरखाली होत. त्यामुळे ओबडधोबड जमिनीवरही त्याची पकड सुटत नसे. दुरुस्ती आणि वाहने परत आणणे ही कामे एका स्वतंत्र दलाकडे सोपविण्याचा निर्णयही याच काळातला आहे. ब्रिटनमध्ये 1942 मध्ये असे दल उभे राहिले आणि 1943 मध्ये हिंदुस्थानी सैन्यातही विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांचे दल स्थापन झाले. आजचे भारतीय सैन्यातील ई.एम.ई. दल ते हेच. पुण्यानजीक खडकी येथील त्याची कार्यशाळा महाराष्ट्रास परिचित आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटनमधील अनेक स्कॅमेल पायोनिअर व ए.ई.सी. मॅटाडोर ही वाहने खाजगी गॅरेजवाल्यांनी घेतली आणि पुढे अनेक वर्षे ती नागरी रस्त्यांवर राबत राहिली.

साखळीकडून चाकांच्या आधाराकडे

युद्धोत्तर काळात मोटारीच बदलल्या. जुन्या मोटारीचा बंपर जाड पोलादाचा असे. त्याखाली साखळी अडकवून पुढील वा मागील भाग उचलला तरी फारशी हानी होत नसे. पुढे बंपर नाजूक झाले, प्लॅस्टिकचा वापर वाढला, पुढील चाकांना गती देणाऱ्या आणि स्वयंचलित गिअरच्या मोटारी सर्वत्र दिसू लागल्या. गती मिळणारी चाके जमिनीवर ठेवून अशी मोटार लांबवर ओढल्यास तिच्या यंत्रणेस इजा पोहोचते. यावर दोन उपाय पुढे आले. पहिला, मोटारीच्या अंगास स्पर्श न करता तिची चाकेच खालून धरून उचलण्याचा. दुसरा, ट्रकचा सपाट पृष्ठभाग मागे सरकवून व कलता करून संपूर्ण मोटार त्यावर चढविण्याचा. अवजड ट्रक व बसगाड्यांसाठी आसाखालून आधार देणारी द्रवदाबावरील यंत्रणा विकसित झाली. तिच्या प्रसारात स्वीडनमधील एका या नावाच्या यंत्रणेचा वाटा मोठा होता.

होम्स घराण्याच्या उद्योगातही याच सुमारास परिवर्तन घडले. 1973 मध्ये मूळ कंपनी डोव्हर कॉर्पोरेशनकडे गेली. त्यानंतर कुटुंबातील जेराल्ड होम्स यांनी 'सेंचुरी' या नावाने नवा कारखाना काढला. पुढे ही दोन्ही नावे चॅटनूगा परिसरातीलच मिलर इंडस्ट्रीज या कंपनीच्या छत्राखाली एकत्र आली. ज्या गावी ओढ्यातली मोटार निघाली, त्याच गावाच्या परिसरात या उद्योगाचे केंद्र आजही टिकून आहे.

प्रतिकृतींचे साक्ष्य

रेकरच्या इतिहासाची साधने तुटपुंजी आहेत. ही वाहने बहुधा एकेका गॅरेजच्या गरजेप्रमाणे जुन्या सांगाड्यांवर बांधली जात आणि झिजल्यावर भंगारात जात. अशा स्थितीत खेळण्यांच्या कारखान्यांनी काढलेल्या प्रतिकृती हे एक उपयुक्त साधन ठरते. लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीच्या डिंकी मालिकेत 1930 च्या दशकापासूनच ब्रेकडाउन लॉरी होती. 1950 च्या सुमारास तिने कॉमर लॉरीची, तर 1957 मध्ये सैन्यातील स्कॅमेल वाहनाची प्रतिकृती बाजारात आणली. लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्स मालिकेत 13 क्रमांकावर 1955 मध्ये बेडफर्ड आणि 1965 मध्ये डॉज रेकर आला. कॉर्गी कंपनीने 1967 मध्ये फोर्ड ट्रकवरील दुहेरी भुजांचा रेकर 'होम्स' या नावानिशी काढला. चॅटनूगाच्या गॅरेजवाल्याचे नाव त्यामुळे सातासमुद्रापलीकडील मुलांच्या हाती पोहोचले.

या प्रतिकृतींत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, त्यांतील आकडा बहुतेक वेळा खरोखर वरखाली होतो. इतर खेळण्यांतील मोटार एकटीच धावते. रेकरला मात्र खेळण्यासाठी दुसरी, बिघडलेली मोटार लागते. त्यामुळे बिघाड व मदत या दोन्ही कल्पना मुलाच्या खेळात एकदमच येतात. दुसरी, त्यांच्यावर तेलकंपन्यांची चिन्हे व रंग जसेच्या तसे आढळतात. रेकर हा पेट्रोलपंप आणि गॅरेज यांच्याशी किती निगडित होता, याचा तो दृश्य पुरावा होय.

1979 ते 1983 या काळात मेकॅनो, लेस्नी आणि कॉर्गीची जनक मेटॉय या तिन्ही ब्रिटिश कंपन्या डबघाईस आल्या. प्रतिकृतींची परंपरा मात्र खंडित झाली नाही. पुढील काळात प्रौढ संग्राहकांसाठी अधिक तपशीलवार प्रतिकृती निघू लागल्या. 2006 च्या 'कार्स' या चित्रपटातील मेटर हा गंजलेला रेकर तर जगभरच्या मुलांचा लाडका झाला. कॅन्सस राज्यातील गलीना गावी उभ्या असलेल्या 1951 सालच्या एका जुन्या इंटरनॅशनल ट्रकवरून त्याची कल्पना सुचली होती.

मात्र साधन म्हणून या प्रतिकृतींची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. त्यांत भुजा, आकडा, चाके व रंग हे सारे आहे. रस्त्याच्या कडेला वाकून साखळी अडकविणारा माणूस सहसा नाही. खेळण्यातील रेकर जमिनीवर सुरक्षित असतो, खरा रेकर धावत्या वाहनांपासून हातभर अंतरावर उभा असतो.

कडेला उभा असलेला माणूस

चॅटनूगा येथे 1995 मध्ये या व्यवसायाचे संग्रहालय सुरू झाले. तेथे जुने रेकर जतन केलेले आहेत. त्याच आवारात 2006 मध्ये कामावर असताना मृत्यू पावलेल्या चालकांच्या नावांची स्मृतिभिंत उभारण्यात आली. यंत्राच्या स्मारकाशेजारी माणसाचे स्मारक उभे राहण्यास अकरा वर्षे लागली आणि यंत्राच्या जन्मापासून मोजल्यास नव्वद.

कायद्याची वाटचालही अशीच धीमी आहे. दक्षिण कॅरोलायना राज्यात 1994 मध्ये अपघातस्थळी मदत करणाऱ्या एका आरोग्यसेवकास वाहनाने धडक दिली. अहवालात दोष मात्र त्याच्यावरच ठेवण्यात आला. या घटनेनंतर 1996 मध्ये त्या राज्याने कडेला उभ्या मदतवाहनांपासून दूर सरकून वा वेग कमी करून जाण्याचे बंधन चालकांवर घातले. 2012 पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. आरंभी त्यांपैकी अनेक कायद्यांत पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांचाच समावेश होता. रेकरचालकांचा समावेश मागाहून झाला.

भारतात या वाहनाची सार्वजनिक प्रतिमा निराळ्या कारणाने घडली आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 127 नुसार सार्वजनिक जागी बेवारस सोडलेले किंवा मनाई असलेल्या ठिकाणी उभे केलेले वाहन पोलिसांना हलविता येते आणि त्याचा खर्च मालकावर पडतो. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या नागरिकास टोइंगची गाडी आठवते ती दंडाच्या पावतीसह. घाटात उलटलेला ट्रेलर रात्रीतून बाजूला घेणारी क्रेनही त्याच जातीची असते. परंतु सकाळी रस्ता मोकळा झालेला दिसतो, तो मोकळा करणारा दिसत नाही. मदत आणि जप्ती ही दोन्ही कामे एकाच आकड्याने होत असल्याने त्या कामगाराविषयी समाजात कृतज्ञतेपेक्षा रोषच अधिक साठत गेला.

समारोप

रेकरचा इतिहास एका अर्थी आधाराचा इतिहास आहे. होम्स यांनी सहा माणसांचे काम एका माणसाच्या आवाक्यात आणले आणि त्या वाहनाचे पाय जमिनीवर घट्ट टेकविले. पुढील अभियंत्यांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारीस ओरखडाही येणार नाही, अशी व्यवस्था केली. प्रतिकृतींनी या यंत्रांची रूपे जपून ठेवली. परंतु पाच माणसे कमी झाल्यावर जो एकटा माणूस रस्त्याच्या कडेला उरला, त्याच्या सुरक्षिततेचा आधारपाय अजून पुरता टेकलेला नाही. महाराष्ट्रातील घाटरस्त्यांवर आणि महामार्गांवर क्रेन चालविणाऱ्यांच्या कामाच्या नोंदी व मौखिक आठवणी वेळीच संकलित झाल्यास या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव भरून निघण्यास साहाय्य होईल. मुलाच्या हातातील खेळण्यात जो माणूस सहसा दिसत नाही, त्याला निदान इतिहासाच्या पानावर तरी जागा मिळणे अगत्याचे आहे.