‘विराट’च्या आधीची ‘हर्मिस’ आणि तिला बुडवणारे विमान

१/
६ मार्च २०१७ रोजी मुंबईत ‘आयएनएस विराट’ भारतीय नौदलातून निवृत्त झाली. भारताच्या सेवेत येण्यापूर्वी ती ब्रिटिश नौदलाची ‘हर्मिस’ होती. हे नाव तिला एका जुन्या विमानवाहू नौकेकडून वारशाने मिळाले होते. ती जुनी हर्मिस ९ एप्रिल १९४२ रोजी श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, बट्टिकलोआनजीक बुडाली. तिचा काळ ठरलेल्या जपानी विमानाची ही कथा.

२/
हे विमान म्हणजे नागोया येथील आयची कंपनीचे ‘डी३ए’. दोस्त राष्ट्रांनी त्याला ‘व्हॅल’ हे सांकेतिक नाव दिले. जपानी नौदलाने ते १९३९च्या अखेरीस स्वीकारले, तेव्हाच ते काहीसे जुन्या वळणाचे होते. उड्डाणानंतर चाके पोटात घेण्याची सोय नव्हती, वेग ताशी ४०० किलोमीटरच्या आत होता आणि चालकांच्या रक्षणासाठी चिलखतही नव्हते. पुढे वैमानिक, मागे मशीनगन सांभाळणारा साथीदार, एवढेच मनुष्यबळ.

३/
मग त्याचा दरारा कशात होता? त्याच्या सूर मारण्यात. नाशिक जिल्ह्याच्या सीमेवरील कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरून हे विमान जहाजावर तीव्र कोनात झेपावत असे. पंखांखालील झडपा वेग आवरत. २५० किलोचा बॉम्ब एका झुलत्या दांडीने पंख्यापासून दूर नेऊन सोडला जाई. संथ उंचावरून टाकलेला बॉम्ब खाली पोहोचेपर्यंत जहाजाला वळण घेता येते. येथे मात्र वैमानिक अखेरच्या क्षणापर्यंत जहाजाच्या वळणाचा पाठलाग करत असे. हे यंत्राचे नव्हे, सरावाचे बळ होते.

४/
एप्रिल १९४२मध्ये अॅडमिरल नागुमो पाच विमानवाहू नौका घेऊन हिंदी महासागरात उतरला. ५ एप्रिलला कोलंबोवर हल्ला झाला. त्याच दुपारी एगुसा याच्या नेतृत्वाखालील ५३ डी३ए विमानांनी ‘डॉर्सेटशायर’ व ‘कॉर्नवॉल’ या दोन ब्रिटिश क्रूझर सुमारे वीस मिनिटांत बुडवल्या. ४२४ खलाशी मृत्युमुखी पडले.

५/
चार दिवसांनी हर्मिसची पाळी आली. हल्ल्याची चाहूल लागल्याने ती रात्रीच त्रिंकोमाली बंदर सोडून गेली होती. परतताना जपानी टेहळणी विमानाने तिला हेरले. तिची स्वतःची विमाने किनाऱ्यावरच राहिली होती. विमानवाहू नौका, पण एकही विमान नाही! तिने किनाऱ्याकडे लढाऊ विमानांची मागणी केली. ती वेळेत पोहोचली नाहीत. ८५ डी३ए विमाने तिच्या शोधात झेपावली होती. हर्मिस बुडाली, ३०७ जण गेले.

६/
ब्रिटिश अॅडमिरल सॉमरव्हिल याने संथ युद्धनौका आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे धाडल्या आणि जलद तुकडी घेऊन तो मुंबईस आला. बंगालचा उपसागर जवळपास निर्नायकी झाला. तरीही नागुमो परतला नाही. दोनच महिन्यांत मिडवेच्या लढाईत, हिंदी महासागरात आलेल्या त्या पाचांपैकी ‘अकागी’, ‘सोर्यू’ व ‘हिर्यू’ या तीन नौका समुद्रतळाशी गेल्या.

७/
नौका पुन्हा बांधता येतात. वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेला वैमानिक मात्र असा घडवता येत नाही. १९४२च्या उत्तरार्धात सॉलोमन बेटांच्या परिसरात असे अनेक कसलेले वैमानिक मारले गेले. त्यांच्या जागी आलेल्या तरुणांना पुरेसे उड्डाणतासही मिळाले नाहीत. जून १९४४मध्ये खुद्द एगुसाही पडला. युद्धाच्या अखेरीस उरलेली डी३ए आत्मघातकी हल्ल्यांसाठी वापरली गेली. ज्या सुरातून वैमानिक परत वर येत असे, त्यातून आता परतायचेच नव्हते.

८/
विमानांविना हर्मिस असहाय ठरली आणि कसलेल्या वैमानिकांविना डी३ए. पुढे त्याच नावाची नवी हर्मिस ‘विराट’ होऊन तीस वर्षे भारताच्या ध्वजाखाली वावरली आणि २०२०मध्ये मोडीत निघण्यासाठी अलंगला गेली. ज्यांच्या जिवावर ते नाव पुढे चालत आले, त्या ३०७ जणांची आठवण त्या नावासोबत राहावी.

(समाप्त)