अतिदक्षता उपचारांच्या चाचण्या

अतिदक्षता उपचारांच्या चाचण्या : अतिदक्षता विभागात (आयसीयू) असलेल्या किंवा तितक्याच अत्यवस्थ रुग्णांवर दोन उपचारांची तुलना करण्यासाठी केलेले नियंत्रित प्रयोग. कोणाला कोणता उपचार मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने ठरते. फलित बहुधा एकाच प्रश्नाने मोजतात : २८, ३० किंवा ९० दिवसांनी रुग्ण जिवंत आहे का? गेल्या पंचवीस वर्षांतील मोठ्या चाचण्या ओळीने वाचल्या, तर नवे औषध सापडल्याच्या बातम्या थोड्या आणि चालू उपचार कमी करा असे सांगणारे निष्कर्ष बरेच, असे दिसते.

याचा ठळक नमुना म्हणजे फुप्फुसे निकामी झालेल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेली व २००० साली प्रसिद्ध झालेली व्हेंटिलेटरची चाचणी. तोवर यंत्राने दर श्वासाला भरपूर हवा देण्याची पद्धत होती. चाचणीत एका गटाला वजनाच्या दर किलोमागे १२ मिलि., दुसऱ्याला ६ मिलि. हवा देण्यात आली. हे वजन काट्यावरचे नव्हे. ते उंचीवरून काढतात, कारण माणूस जाड झाला तरी फुप्फुसे मोठी होत नाहीत. १७० सेंमी. उंचीच्या पुरुषासाठी ते सुमारे ६६ किलो येते, म्हणजे श्वासाला साधारण ८०० मिलि. की ४००, असा हा सवाल होता. पहिल्या दिवसांत रक्तातील ऑक्सिजनचे आकडे जास्त हवेच्या गटातच चांगले होते. खाटेशी उभ्या असलेल्या कोणालाही तोच उपचार बरा वाटला असता. पण मृत्यूचे प्रमाण तिथे ३९.८ टक्के निघाले आणि कमी हवेच्या गटात ३१. अति ताणल्याने फुप्फुसांना इजा होत होती, आणि ती मॉनिटरवर दिसत नव्हती. ८६१ रुग्णांनंतर चाचणी थांबवली. आता आडव्या पडलेल्या रुग्णाची उंची टेपने मोजणे हे अतिदक्षता विभागातले नेहमीचे काम आहे.

केनिया, युगांडा व टांझानियातील ‘फीस्ट’ चाचणीने (२०११) याहून मोठा धक्का दिला. तीव्र ताप व रक्ताभिसरण मंदावल्याची लक्षणे असलेल्या मुलांना शिरेतून झपाट्याने सलाईन किंवा अल्ब्युमिन द्यावे, हे पाठ्यपुस्तकी ज्ञान होते. जुलाबाने कोरडी पडलेली मुले चाचणीत नव्हती. त्यांना पाणी लागतेच. ३,१४१ मुलांच्या नोंदी झाल्यावर चाचणी बंद करावी लागली. झपाट्याने द्रव दिलेल्या दोन्ही गटांत ४८ तासांत सुमारे १०.५ टक्के मुले दगावली होती, तो न दिलेल्या गटात ७.३ टक्के.

बाकीच्यांची नोंद थोडक्यात पुरे. डोक्याला मार लागलेल्यांना स्टेरॉइड देण्याची जुनी रीत ‘क्रॅश’ चाचणीने (२००४, १०,००८ रुग्ण) मोडली : दोन आठवड्यांतील मृत्यू स्टेरॉइडच्या गटात २१.१ टक्के, दुसऱ्यात १७.९. रक्तातील साखर काटेकोर आटोक्यात ठेवण्याची लाट २००९ च्या ‘नाइस-शुगर’ने ओसरवली. उलट बाजूचे उदाहरण ‘क्रॅश-२’चे (२०१०). अपघातानंतरच्या रक्तस्रावात ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या स्वस्त औषधाने मृत्यू १६ वरून १४.५ टक्क्यांवर आले. तीत ४० देशांतील २०,२११ रुग्ण होते. भारतीय रुग्णालयेही सहभागी होती.

संमती हा इथला अवघड भाग. नळी घातलेला, गुंगीत ठेवलेला माणूस सही करू शकत नाही. सही करायची ती बाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलाने किंवा बायकोने. ‘आमच्या माणसावर प्रयोग नको’ ही त्यांची पहिली प्रतिक्रिया समजण्याजोगी आहे. मात्र चाचणीबाहेरही न तपासलेले उपचार मिळतच असतात. त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही, एवढाच फरक. ‘फीस्ट’मध्ये आईबापांचा तोंडी होकार आधी व लेखी संमती नंतर, अशी दोन टप्प्यांची पद्धत वापरली. भारतात औषधचाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत, आणि २००९ पासून चाचणीची पूर्वनोंदणी सक्तीची आहे.

कोविडकाळात हे शास्त्र प्रथमच घरोघरी पोचले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणी मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि जूनमध्ये उत्तर हाती आले : रोज ६ मिग्रॅ. डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना काही फायदा दिसला नाही. रेमडेसिव्हिरने मृत्यू फारसे टळत नाहीत, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीचा अंतरिम निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झाला. त्या चाचणीत भारतातील रुग्णही होते. त्यानंतर सहा महिन्यांनी, एप्रिल २०२१ मध्ये, पुण्या-मुंबईत औषधाच्या दुकानांबाहेर त्याच इंजेक्शनसाठी नातेवाइकांच्या रांगा लागल्या होत्या.